दाट रक्ताची शर्यत

रक्त डोपिंगच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात कुठे ना कुठे एक डॉक्टर सापडतो. उत्तेजक गोळी खेळाडू एकटा गिळू शकतो. पण अर्धा लिटर रक्त काढायचं, ते गोठू न देता आणि नासू न देता तीन-चार आठवडे सांभाळायचं, आणि शर्यतीच्या तोंडावर हॉटेलच्या खोलीत पुन्हा शिरेत सोडायचं, हे सुईवर हात बसलेल्या माणसाचंच काम आहे. म्हणून या विषयाची ओळख करून देताना मी खेळाडूपासून नाही, त्या हातापासून सुरुवात करतो. मी त्याच पेशातला आहे. पुढच्या पानांत सायकलपटू, धावपटू आणि स्कीपटूंची नावं वारंवार येतील. वाचकाने प्रत्येक नावामागे उभा असलेला पांढरा कोटही पाहावा, एवढीच माझी पहिली विनंती.

27 फेब्रुवारी 2019. ऑस्ट्रियातल्या सीफेल्ड गावात नॉर्डिक स्कीइंगची जागतिक स्पर्धा चालू होती. पोलिसांनी धाड घातली तेव्हा मॅक्स हाउके हा ऑस्ट्रियन स्कीपटू दंडात सुई असतानाच सापडला. ते चित्रण बाहेर फुटलं आणि जगभर पाहिलं गेलं. त्याच दिवशी जर्मनीत एरफुर्ट शहरात मार्क श्मिट या क्रीडावैद्याला अटक झाली. श्मिटकडे अनेक देशांच्या खेळाडूंचं रक्त साठवलेलं होतं आणि त्याची माणसं ते स्पर्धेच्या गावी पोचवत होती. 2021 मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने त्याला चार वर्षं दहा महिन्यांची कैद दिली. या खटल्यातली एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. एका महिला सायकलपटूला त्याने माणसांसाठी मंजुरी नसलेली हिमोग्लोबिनची पूड द्रावण करून शिरेतून दिली होती. तिला थंडी वाजून आली, लघवी लाल झाली. गंभीर दुखापतीचा वेगळा ठपका न्यायालयाने त्याच्यावर ठेवला तो यासाठी. स्पर्धा जिंकण्याशी या प्रयोगाचा संबंधही दूरचाच होता. डॉक्टरला एक जिवंत शरीर हाताशी मिळालं होतं, म्हणून तो झाला.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. मॅरेथॉन, डोंगरातली सायकल शर्यत, क्रॉस-कंट्री स्कीइंग यांत तासन् तास स्नायूंना प्राणवायू लागतो आणि तो पोचवतात तांबड्या पेशी. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलीलिटर प्राणवायू धरतं. 100 मिलीलिटर रक्तात 15 ग्रॅम हिमोग्लोबिन असलं, तर एक लिटर रक्त सुमारे 200 मिलीलिटर प्राणवायू वाहून नेतं. फुप्फुसं आणि हृदय सरावाने तयार झालेल्या खेळाडूच्या बाबतीत बहुतेक वेळा अडतं ते या वाहतुकीवर. तांबड्या पेशी वाढवल्या की अडसर दूर होतो. इतका साधा हा हिशेब आहे, आणि त्याच्या साधेपणातच त्याचा मोह आहे.

रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींचा जो वाटा असतो त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. पुरुषांत तो साधारण 40 ते 50 टक्के असतो. पेशी वाढवण्याचे मार्ग तीन. उंच डोंगरावर राहून सराव करणं हा पहिला, आणि तो नियमात बसतो. विरळ हवेत मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतात, अस्थिमज्जा कामाला लागते आणि काही आठवड्यांत पेशी थोड्या वाढतात. दुसरा मार्ग रक्त चढवण्याचा, मग ते स्वतःचं असो की दुसऱ्याचं. तिसरा मार्ग कारखान्यात तयार केलेलं एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, टोचून घेण्याचा. शेवटचे दोन निषिद्ध आहेत.

1968 चं ऑलिंपिक मेक्सिको सिटीत झालं, 2,240 मीटर उंचीवर. लांब पल्ल्याच्या धावपटूंची तिथे दमछाक झाली आणि रक्त व प्राणवायू यांच्या नात्याकडे क्रीडाशास्त्राचं लक्ष नव्याने गेलं. 1972 मध्ये स्टॉकहोमला ब्यॉर्न एकब्लोम यांनी काही निरोगी पुरुषांचं 800 ते 1,200 मिलीलिटर रक्त काढलं, सुमारे चार आठवड्यांनी त्यातल्या तांबड्या पेशी त्यांना परत दिल्या आणि मोजमाप केलं. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता 9 टक्क्यांनी वाढली, दमून थांबेपर्यंतचा वेळ 23 टक्क्यांनी लांबला. एकब्लोम शरीरशास्त्रातला प्रश्न सोडवत होते. पण जिथे अर्ध्या टक्क्यावर पदक ठरतं, तिथे 9 टक्के हा आकडा कोणाच्या हाती पडणार हे उघड होतं. फिनलंडचा कार्लो मानिंका 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटरमध्ये रौप्य आणि 5,000 मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन गेला आणि पुढे त्याने रक्त चढवून घेतल्याचं मान्य केलं. तेव्हा तसा नियमच नव्हता.

नियम आला तो लॉस एंजेलिसनंतर. 1912 पासून अमेरिकेला ऑलिंपिक सायकलिंगमध्ये पदक नव्हतं, 1984 मध्ये घरच्या मैदानावर तब्बल नऊ मिळाली. काही महिन्यांनी उघड झालं की संघातल्या 24 पैकी आठ जणांनी रक्त चढवून घेतलं होतं. आपलं रक्त काढून साठवायला पुरेसा अवधी नव्हता, म्हणून काहींनी नातेवाइकांचं किंवा जुळणाऱ्या रक्तगटाच्या इतरांचं रक्त घेतलं, तेही रुग्णालयाबाहेर, एका हॉटेलात. काही जण त्यानंतर आजारी पडले. परक्याचं रक्त शिरेत सोडताना रक्तपेढीत ज्या तपासण्या होतात त्या शिष्टाचार म्हणून होत नाहीत. क्रॉसमॅच, म्हणजे देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त जुळवून पाहणं, चुकला तर चढवलेल्या पेशी शरीरातच फुटतात, मूत्रपिंडं बंद पडतात, माणूस दगावतो. आणि 1984 म्हणजे एचआयव्हीची चाचणी रक्तपेढ्यांत पोचण्याआधीचं वर्ष. पदकांच्या आनंदात हे कोणी बोलून दाखवलं नाही. 1986 पर्यंत ऑलिंपिक समितीने रक्त डोपिंग निषिद्ध पद्धतींच्या यादीत घातलं.

ईपीओची कथा याहून गुंतागुंतीची आहे आणि सांगताना मला तिच्याबद्दल आदरही वाटतो. शिकागो विद्यापीठातले यूजीन गोल्डवासर अनेक वर्षं या संप्रेरकामागे होते. जपानमधले ताकाजी मियाके यांनी अप्लास्टिक अॅनिमियाच्या रुग्णांची 2,550 लिटर लघवी गोळा करून आटवली, तिच्यापासून 1977 मध्ये शुद्ध ईपीओचे जेमतेम काही मिलिग्रॅम हाती लागले. 1983 मध्ये अॅमजेन कंपनीत फू-क्वेन लिन यांनी त्याचा जनुक वेगळा केला आणि 1989 मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. डायलिसिसवरच्या रुग्णाला ते काय होतं हे ज्यांनी आधीचे दिवस पाहिले त्यांना विचारा. हिमोग्लोबिन पाच-सहावर घसरलेलं, जिना चढवत नाही, पुन्हा पुन्हा रक्ताच्या बाटल्या, त्यातून शरीरात साचणारं लोह. ईपीओने हे चक्र तोडलं. आज महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावीही डायलिसिस केंद्रात हे इंजेक्शन रोजच्या वापरातलं आहे.

हेच औषध सायकलींच्या तांड्यात शिरायला फार वेळ लागला नाही. 1990 मध्ये त्यावर बंदी आली, पण पकडणारी चाचणी 2000 मध्ये, सिडनी ऑलिंपिकच्या वेळी आली. मधली दहा वर्षं मोकळं रान होतं. इटलीत फेरारा विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्चेस्को कोंकोनी यांना ईपीओ पकडण्याची चाचणी शोधण्यासाठी ऑलिंपिक चळवळीचा निधी मिळत होता, आणि त्यांच्याच संस्थेतून खेळाडूंना ईपीओ दिलं जात होतं. खटला चालला, मुदत उलटल्यामुळे शिक्षा झाली नाही, पण न्यायाधीशांनी त्यांना नैतिकदृष्ट्या दोषी ठरवलं. त्यांचेच शिष्य मिकेले फेरारी 1994 मध्ये पत्रकारांना म्हणाले होते की धोका ईपीओत नाही, अतिरेकात आहे, दहा लिटर संत्र्याचा रस प्यायलात तर तोही घातक. एका डॉक्टरने हे म्हणावं याचा मला आजही संताप येतो. संत्र्याच्या रसाने रक्ताची गुठळी होत नाही.

1997 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने मर्यादा घातली. हिमॅटोक्रिट 50 टक्क्यांच्या वर आढळला तर खेळाडूने पंधरा दिवस शर्यतीबाहेर राहायचं. चाचणी नव्हती म्हणून काढलेली ही वाट होती आणि तिला आरोग्यतपासणी असं नाव दिलं होतं. प्रत्यक्षात ती मर्यादा हेच लक्ष्य झालं. ज्याचं रक्त निसर्गतः 42 वर होतं त्याला 49 पर्यंत जायची जणू परवानगी मिळाली, ज्याचं जन्मतः 48 होतं त्याच्या वाट्याला जवळजवळ काहीच आलं नाही. हिमॅटोक्रिट स्वतःच मोजायला संघांनी छोटी सेंट्रिफ्यूज यंत्रं सोबत बाळगायला सुरुवात केली. आकडा वर गेला की तपासणीआधी सलाईन चढवून रक्त पातळ करायचं. 5 जून 1999 ला मादोन्ना दी कांपील्योमध्ये, जिरो दि'इतालिया जवळजवळ जिंकलेला मार्को पांतानी 52 टक्क्यांवर सापडला आणि बाहेर पडला. पुढे तो सावरला नाही. 2004 च्या फेब्रुवारीत रिमिनीच्या एका हॉटेलात कोकेनने त्याचा जीव घेतला.

आता धोक्यांबद्दल, कारण या विषयावरच्या लिखाणात फसवणुकीची चर्चा भरपूर होते आणि शरीराची कमी. रक्तात पेशी वाढल्या की ते दाट होतं. हिमॅटोक्रिट पन्नाशी ओलांडून पुढे गेला की दाटपणा सारख्या गतीने वाढत नाही, झपाट्याने वाढतो. त्यात शर्यतीचा घाम धरा. चार-पाच तासांत शरीरातलं पाणी जातं आणि उसाचा रस आटत आटत काकवीकडे जावा तसं रक्त आणखी दाटतं. रात्री वेगळाच धोका. सहनशक्तीच्या खेळाडूचं हृदय झोपेत मिनिटाला चाळीसच्याही खाली ठोके देतं, प्रवाह मंदावतो. दाट आणि संथ रक्त गुठळी धरतं. ती पायाच्या शिरेतून सुटून फुप्फुसात गेली, मेंदूच्या किंवा हृदयाच्या धमनीत बसली, तर वय पंचवीस असण्याचा काही उपयोग नसतो.

हे केवळ तर्काने सांगत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचण्या पाहा. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्वायर’ चाचणीत ईपीओ देऊन हिमोग्लोबिन 13.5 पर्यंत न्यायचं ठरवलेल्या गटात मृत्यू आणि हृदयविकाराच्या घटना 11.3 वर थांबलेल्या गटापेक्षा जास्त झाल्या. 2009 च्या ‘ट्रीट’ चाचणीत ईपीओचाच टिकाऊ भाऊबंद असलेल्या डार्बेपोएटिनमुळे पक्षाघाताचं प्रमाण सुमारे दुप्पट झालं. 2007 मध्येच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ही माणसं आजारी होती, खेळाडू नव्हती, हे खरं. पण ज्यांचं हिमोग्लोबिन कमी होतं त्यांना सामान्य पातळीवर आणतानाही हा धोका दिसला, तर मुळात 15 असलेल्याला 17-18 वर नेणाऱ्याने कशाच्या भरवशावर निश्चिंत राहायचं? शिवाय क्वचित एक भयंकर गोष्ट घडते. टोचलेल्या ईपीओविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि ती स्वतःच्या ईपीओलाही निकामी करतात. अस्थिमज्जा तांबड्या पेशी बनवणं थांबवते. जास्त रक्त मागायला गेलेला माणूस दुसऱ्यांच्या रक्तावर जगायला लागतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 1980 च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये काही तरुण सायकलपटू झोपेत दगावले आणि ते ईपीओने गेले असं असंख्य ठिकाणी छापलं गेलं. त्या मृत्यूंचा ईपीओशी संबंध वैद्यकीय पुराव्याने सिद्ध झालेला नाही. धोका खरा आहे म्हणून न सिद्ध झालेली उदाहरणं त्याच्या पाठीशी उभी करू नयेत. सिद्ध झालेलं कमी नाही.

रिकार्दो रिक्को हा इटालियन सायकलपटू फेब्रुवारी 2011 मध्ये ताप आणि मूत्रपिंडांच्या त्रासाने अत्यवस्थ अवस्थेत रुग्णालयात पोचला. घरच्या फ्रीजमध्ये पंचवीस दिवस ठेवलेलं स्वतःचं रक्त आपण चढवून घेतलं, असं त्याने सांगितल्याचं तिथल्या डॉक्टरने नोंदवलं. पुढे त्याने ते नाकारलं, पण बारा वर्षांची बंदी चुकली नाही. रक्तपेढीत पिशवी 2 ते 6 अंश तापमानात, सतत नोंद ठेवून सांभाळतात. घरच्या फ्रीजचं दार दिवसातून वीस वेळा उघडतं. अमेरिकेचा सायकलपटू टायलर हॅमिल्टन याने माद्रिदचे डॉक्टर एउफेमियानो फुएन्तेस यांच्या खटल्यात साक्ष दिली की खराब झालेल्या पिशवीनंतर आपली लघवी काळी झाली होती. त्याच डॉक्टरकडे 2006 च्या मे महिन्यात पोलिसांना दोनशेहून अधिक पिशव्या मिळाल्या होत्या, नावांच्या जागी सांकेतिक खुणा असलेल्या. पिशवीवर नाव नसणं म्हणजे काय, हे कोणत्याही रक्तपेढीतला तंत्रज्ञ सांगेल. तिथे नावात एका अक्षराची चूक झाली तरी पिशवी परत जाते.

ज्यांनी घेतलं नाही त्यांची किंमत कोणी मोजली? क्रिस्तोफ बासोन हा फ्रेंच सायकलपटू फेस्तिना संघात होता. 1998 च्या जुलैत त्या संघाच्या गाडीतून फ्रान्सच्या सीमेवर ईपीओचा साठा पकडला गेला, आणि चौकशीत सहकाऱ्यांनीच पोलिसांना सांगितलं की बासोन यातलं काही घेत नाही. पुढच्या वर्षीच्या टूर द फ्रान्समध्ये तो वर्तमानपत्रात स्तंभ लिहीत होता आणि शर्यत अजून स्वच्छ झालेली नाही असं सांगत होता. तांड्याने त्याच्याशी बोलणं टाकलं. पिवळी जर्सी घातलेला लान्स आर्मस्ट्राँग सायकल जवळ आणून त्याला म्हणाला की तू इथून गेलास तर बरं. बासोन गेला, आणि दोन वर्षांत खेळही सुटला. आर्मस्ट्राँगच्या सातही टूर 2012 मध्ये काढून घेतल्या गेल्या, पण बासोनची वर्षं परत देण्याची कुठे सोय नव्हती. रक्त डोपिंगमुळे कोणाचं शरीर बिघडलं याची यादी करता येईल. कोण घरी बसलं याची होत नाही, आणि मला ते नुकसान लहान वाटत नाही.

चाचण्यांचा इतिहास पुढे सविस्तर येतो, म्हणून इथे थोडक्यात. परक्याचं रक्त 2004 पासून ओळखता येऊ लागलं, कारण पेशींवरच्या बारीकसारीक रक्तगटखुणा वेगळ्या असतात. स्वतःचं रक्त मात्र थेट पकडणारी भरवशाची चाचणी अजून नाही. म्हणून 2008 पासून सायकलिंगमध्ये जैविक पासपोर्ट आला. खेळाडूचं हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशी, वर्षानुवर्षं मोजायच्या आणि त्याची तुलना त्याच्याशीच करायची. रक्त काढलं की कोवळ्या पेशी वाढतात, परत चढवलं की अस्थिमज्जा थंडावते आणि त्या घटतात. ही पद्धत न्याय्यही आहे. फिनलंडचा स्कीपटू एरो मांत्युरांता याच्या घराण्यात ईपीओच्या ग्राहीचा (रिसेप्टरचा) जनुक बदललेला होता आणि त्याचं हिमोग्लोबिन जन्मतःच फार वरचं होतं. सर्वांना एकच आकडा लावला असता तर तो विनाकारण दोषी ठरला असता. पासपोर्टनंतर फसवणूक संपली नाही, मात्रा छोट्या झाल्या.

ईपीओचा फायदाच नाही असं म्हणणारेही आहेत. लायडनच्या संशोधकांनी 2017 मध्ये 48 हौशी सायकलपटूंवर केलेल्या अभ्यासात मों वाँतूच्या चढावर ईपीओ घेतलेले आणि न घेतलेले यांच्या वेळेत फरक दिसला नाही. अभ्यास काळजीपूर्वक केलेला आहे, पण हौशी गटातल्या एका दिवसाच्या शर्यतीवरून तीन आठवड्यांच्या टूरबद्दल निष्कर्ष काढणं मला पटत नाही. आणि फायदा खरोखर नसेल, तर धोका पत्करणाऱ्याची बाजू आणखीच लंगडी पडते.

मराठी वाचकाला हे सगळं युरोपच्या बर्फातलं वाटू शकेल. 2023 मध्ये भारतातल्या 5,606 नमुन्यांपैकी 213 मध्ये निषिद्ध द्रव्यं सापडली, हा आकडा त्याने आधी पाहावा. दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. कविता राऊत, ललिता बाबर या धावपटूंच्या मागून आदिवासी पाड्यांतून आणि दुष्काळी गावांतून मुली लांब पल्ल्याला धावू लागल्या, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आहे. अशा मुलीला लोहाच्या गोळ्या द्याव्यात, चांगलं जेवण द्यावं. त्यात डोपिंग नाही, ते तिचं हक्काचं औषध आहे. पण ‘ताकदीचं सलाईन’ लावण्याची आपल्याकडची सवय तिला अडचणीत आणू शकते. जागतिक नियमानुसार बारा तासांत 100 मिलीलिटरपेक्षा जास्त काहीही शिरेतून देणं निषिद्ध आहे, बाटलीत नुसतं मीठपाणी असलं तरी. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानाच्या तपासण्या यांचाच अपवाद. ईपीओचं इंजेक्शन आणि रक्त चढवणं तर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर दोन्हीकडे निषिद्ध. उपचारासाठी खरंच गरज असेल तर राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे, परवानगीचा अर्ज करता येतो, आणि जीव वाचवायचा असेल तर आधी उपचार, अर्ज नंतर.

शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार धरला जातो, डॉक्टरने दिलं हे उत्तर सहसा चालत नाही. देणाऱ्या डॉक्टरलाही चार वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत शिक्षा आहे, हे माझ्या पेशातल्या मित्रांनी लक्षात ठेवावं. पालकांना आणि प्रशिक्षकांना एकच सांगणं आहे. तुमच्या मुलाला किंवा मुलीला कोणी सुई लावायला निघाला, तर बाटलीत काय आहे आणि किती आहे हे आधी विचारा. उत्तर कागदावर, सहीनिशी घ्या. ते मिळत नसेल तर मुलाला घेऊन तिथून निघा.